पार्वतीबाई आठवले : सव्विसाव्या वर्षी पाटी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अमेरिका



गेल्या महिन्यातली गोष्ट. दुबईतल्या एका संस्थेत मी एका कोर्सची चौकशी करायला गेले होते. काउंटरवरच्या मुलीने हसून फॉर्म पुढे केला आणि मुलीचं नाव काय, बारावीला किती टक्के, असं विचारायला सुरुवात केली. माझी मुलगी केव्हाच शिकायला बाहेर गेली आहे, फॉर्म माझ्यासाठीच हवा आहे, हे सांगताना माझी जीभ उगाचच अडखळली. त्या मुलीचं काही चुकलं नव्हतं. फॉर्म पर्समध्ये घडी करून ठेवला आणि घरी येईपर्यंत मनातल्या मनात तो फाडूनही टाकला!

आपल्यापैकी कितीजणींची ही गोष्ट आहे. लग्न झालं, नवऱ्याचा व्हिसा झाला, पाठोपाठ आपलाही झाला. सांगली, नाशिक, रत्नागिरी, नागपूरहून आणलेली पदवी कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेली. मुलांच्या शाळा, बसच्या वेळा, डबे, परीक्षा. मग एक दिवस घर रिकामं होतं आणि वय असतं पंचेचाळीस-सत्तेचाळीस. पुन्हा शिकावं असं वाटतं, पण लोक काय म्हणतील, जमेल का, आता उपयोग काय, हे तीन प्रश्न दारात उभे असतात.

त्या संध्याकाळी मला पार्वतीबाई आठवले आठवल्या. महर्षी अण्णासाहेब कर्व्यांचं नाव आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण त्यांच्या या मेहुणीबद्दल, म्हणजे बायांच्या धाकट्या बहिणीबद्दल, आपण फारसं बोलत नाही. एकेकाळी आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरणाऱ्या पार्वतीबाई घरोघरी माहीत होत्या. आज हिंगण्याचं कर्वेनगर झालं आहे आणि तिथे फ्लॅट घेतलेल्या आपल्या मंडळींनाही त्या ठाऊक असतीलच असं नाही. म्हणून हा लेख.

पार्वतीबाईंचा जन्म १८७० सालचा, कोकणातल्या देवरुखचा. वडील बाळकृष्णपंत जोशी. घर बेताच्या परिस्थितीचं. मुलींनी शिकायचं म्हणजे चूल, सडासंमार्जन, व्रतवैकल्यं, कहाण्या. अकराव्या वर्षी महादेव नारायण आठवले यांच्याशी लग्न झालं. विसाव्या वर्षी वैधव्य आलं आणि पदरी नारायण नावाचा लहान मुलगा उरला.

त्या काळी त्या समाजात विधवा होणं म्हणजे काय, हे आजच्या पिढीला, विशेषतः इथेच जन्मलेल्या आपल्या मुलांना, समजावून सांगावं लागेल. नवरा गेला की बाईचं केशवपन व्हायचं. अंगावर लाल आलवण, कपाळ मोकळं, हात मोकळे. मंगलकार्यात समोर यायचं नाही. सकाळी कुणी बाहेर पडताना ती आडवी आली तर तो माणूस परत फिरायचा. आणि घरातलं काम मात्र सगळं तिच्याच अंगावर. हे सगळं विशीत सुरू व्हायचं आणि मरेपर्यंत चालायचं. पार्वतीबाई याच अवस्थेत मुलाला घेऊन माहेरी राहिल्या.

याच घरात त्यांच्या आधी आणखी एक विधवा मुलगी होती. थोरली बहीण गोदूबाई. तिचं लग्न आठव्या वर्षी झालं आणि अवघ्या तीन महिन्यांत नवरा गेला. गोदूबाईंना त्यांच्या भावाने, नरहरपंतांनी, मुंबईला नेलं. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, त्याच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या. तेव्हा त्यांची विशी उलटून गेली होती. नरहरपंत हे धोंडो केशव कर्व्यांचे मित्र. कर्व्यांची पहिली पत्नी वारली होती आणि पुन्हा लग्न करायचं तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ ला गोदूबाईंचं कर्व्यांशी पुण्यात लग्न झालं आणि त्या आनंदीबाई झाल्या. आपण त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखतो.

या लग्नाने केवढा गहजब झाला! कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. सख्ख्या आईभावाच्या घरी जायची चोरी झाली. पार्वतीबाईंनी हे सगळं लांबून पाहिलं. एक बहीण चौकट मोडून गेली होती आणि तिचं नाव काढायला गाव कचरत होतं. अशा वेळी दुसऱ्या बहिणीने काय करावं? गप्प बसावं, हे सोपं होतं. पार्वतीबाईंनी मुलाच्या शिक्षणासाठी पुण्याची वाट धरली. पुनर्विवाह मात्र त्यांनी केला नाही. त्यांना स्वतःला शिकायचं होतं.

१४ जून १८९६ रोजी कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. स्वतःच्या शिलकीतले हजार रुपये त्यात घातले. आश्रमात आलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये पार्वतीबाई होत्या. वय सव्वीस.

आज सव्विसाव्या वर्षी आपल्या मुली पहिली नोकरी बदलत असतात. तेव्हा सव्विसावं वर्ष म्हणजे अर्धं आयुष्य. त्यांच्या वयाच्या कितीतरी बायकांना लवकरच सुना येणार होत्या. त्या वयात डोक्यावरून पदर घेतलेली, केशवपन झालेली, एका मुलाची आई अभ्यासाला बसते. मुलगाही शिकतो आहे आणि आईही शिकते आहे. हे चित्र मला फार आवडतं. त्या दोघांनी एकमेकांची पाटी कधी पाहिली असेल का, कुणाची बेरीज आधी बरोबर आली असेल, असे खुळे विचारही मनात येतात.

मोठ्या वयात शिकणाऱ्याची अडचण बुद्धीची फारशी नसते. अडचण असते ती लाजेची, आणि त्याहून जास्त वेळेची. लहान मुलाला अभ्यास हे एकच काम असतं. मोठ्या बाईला ते पाचवं किंवा सहावं काम असतं. आश्रमात नोकरचाकर नव्हते. सगळी कामं आश्रमातल्या बायकांनीच करायची आणि उरलेल्या वेळात धडे.

१९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला हलला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी तिथे सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले होते. जागा म्हणजे माळरान. त्यावर एक झोपडी. अण्णासाहेब फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे आणि संध्याकाळी चार मैल चालत हिंगण्याला येऊन या बायकांना शिकवायचे. पावसाळ्यात ती वाट नुसता चिखल. (आज त्याच रस्त्याने आपण एअरपोर्टवरून टॅक्सीत बसून ट्रॅफिकच्या नावाने बोटं मोडत जातो. असो.)

शिक्षण झाल्यावर पार्वतीबाई आश्रमातच राहिल्या आणि पुढे तिथल्या लेडी सुपरिंटेंडेंट झाल्या. हे पद सांभाळणाऱ्या त्या पहिल्याच. येणारी प्रत्येक मुलगी कुठल्या घरातून, कुठल्या दुःखातून आली आहे हे त्यांना समजावून सांगावं लागत नसे. त्या स्वतः तिथूनच आल्या होत्या.

दुसरं मोठं काम वर्गणीचं. संस्था वाढत होती आणि पैसे कायम अपुरे पडायचे. पार्वतीबाई प्रवासाला निघाल्या. आधी महाराष्ट्रात, मग महाराष्ट्राबाहेरही. जिला चारचौघांत उभं राहायची बंदी होती ती बाई आता सभेत उभी राहून बोलू लागली, आणि पैसे मागू लागली. मंडळाच्या कार्यक्रमासाठी स्पॉन्सर गोळा करायला ज्या कुणी गेल्या असतील त्यांना विचारा, मागणं किती कठीण असतं! इथे तर विषयच असा, की ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांना तो पाप वाटायचा.

बरीच वर्षं त्यांनी केशवपन चालू ठेवलं होतं. पुढे त्यांनी ते सोडलं आणि इतर विधवांनीही सोडावं म्हणून त्या उघडपणे बोलू लागल्या. आपल्याला वाटेल, आधीच का नाही सोडलं? माझ्या मते याचा विचार सहानुभूतीने करायला हवा. रूढी पाळणाऱ्या घरात शिरून त्या घरच्या विधवा मुलीला शिकायला पाठवा असं सांगायचं, तर सांगणारी बाई त्या घराला आपल्यातली वाटावी लागते.

आता त्यांच्या आयुष्यातला तो भाग, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

१९१६ साली अण्णासाहेबांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. शिक्षण मातृभाषेतून, पण इंग्रजी हा विषय आवश्यक. विद्यार्थिनी सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. अभ्यासक्रमात गृहिणी आणि माता घडवण्यावर भर होता, आणि त्याबद्दल या विद्यापीठावर तेव्हाही टीका झाली, नंतरही झाली. मला स्वतःला ती टीका थोडी पटते. पण या वातावरणात पार्वतीबाईंना स्वतःची एक उणीव टोचू लागली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. परप्रांतात गेलं, मोठ्या अधिकाऱ्याला किंवा परदेशी पाहुण्याला भेटायचं झालं, की मध्ये दुभाषा लागायचा. हाताखालच्या मुली इंग्रजी वाचू लागल्या आणि सुपरिंटेंडेंट बाईंना ते येत नाही!

या वयात एखादी व्यक्ती काय करेल? शिकवणी लावेल, किंवा आता राहिलं ते राहिलं म्हणून सोडून देईल. पार्वतीबाईंनी ठरवलं की इंग्रजी शिकायला अमेरिकेला जायचं आणि जमली तर संस्थेसाठी मदतही मिळवायची. साल १९१८. वय अठ्ठेचाळीस. हाताशी फारसा पैसा नाही, भाषा येत नाही आणि सोबतीला कुणी नाही.

तोवर अमेरिकेला जाऊन शिकलेल्या मराठी बायकांची नावं आपल्याला माहीत आहेत. आनंदीबाई जोशी १८८३ साली गेल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. पंडिता रमाबाई १८८६ साली तिथे पोहोचल्या, तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि संस्कृत पंडिता म्हणून त्यांची ख्याती आधीच झाली होती. पन्नाशीला टेकलेली, कोकणातल्या खेड्यातली, नावापुढे पदवी नसलेली बाई निघाली, ती पार्वतीबाईंच्या रूपाने. खुद्द अण्णासाहेब परदेशदौऱ्यावर गेले ते १९२९ साली. म्हणजे मेहुणीनंतर अकरा वर्षांनी!

काळही कसला होता पाहा. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि ते संपलं १९१८ च्या नोव्हेंबरात. त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ जगभर पसरली. हिंदुस्थानात आणि अमेरिकेत, दोन्हीकडे लाखो माणसं गेली. अमेरिकेने १९१७ साली नवा कायदा करून हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागातल्या मजुरांना दार बंद केलं होतं. विद्यार्थी, शिक्षक, प्रवासी यांच्यासाठी तेवढी फट ठेवली होती. कागदपत्रांची धास्ती काय असते ते आपल्याला कुणी सांगायला नको. पण आपण तीन तासांत मुंबईहून दुबईला उतरतो आणि उतरताच व्हॉट्सअॅपवर पोहोचल्याचा फोटो टाकतो. पार्वतीबाईंचं पत्र हिंगण्याला पोहोचायला आठवडेच्या आठवडे लागत असणार.

अमेरिकेत गेल्यावर शाळेत बसून निवांत शिकणं त्यांच्या नशिबी नव्हतं. पोट भरायला हवं होतं. त्यांनी अमेरिकन घरांमध्ये मोलकरणीचं काम धरलं. हिंगण्याच्या आश्रमाच्या लेडी सुपरिंटेंडेंट, ज्यांच्या एका शब्दावर तिथल्या मुली उठत-बसत, त्या परक्या घरात परक्या माणसांची भांडी घासत होत्या, झाडलोट करत होत्या. मालकिणीने काय सांगितलं ते निम्मं समजायचं, निम्मं अंदाजाने ताडायचं. तिथेच कानावर पडेल तेवढं इंग्रजी उचलायचं आणि काम संपल्यावर पुस्तक उघडायचं.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. एमिरेट्समधल्या आपल्यापैकी बऱ्याच घरांत कामाला बाई येते. कुणाकडे केरळची, कुणाकडे श्रीलंकेची, कुणाकडे फिलिपिन्सची. आमच्याकडे येणारी बाई इस्त्री करता करता माझ्या मुलीची जुनी इंग्रजीची पुस्तकं चाळायची. ती कामाच्या वेळात वाचत बसते म्हणून मी एकदा तिच्यावर नाराजही झाले होते. पार्वतीबाईंचं चरित्र वाचताना मला ती आठवली आणि लाज वाटली. १९१८ साली अमेरिकेतल्या कुठल्याशा स्वयंपाकघरात आपली एक मराठी बाई याच जागी उभी होती, आणि तिच्या पिशवीतही पुस्तक होतं.

पार्वतीबाईंना या कामाची लाज वाटली नाही. आश्रमात भांडी घासणं आणि इथे घासणं यात त्यांना फरक दिसत नव्हता. आपल्या श्रमाचं खाऊन शिकतो आहोत, भीक मागत नाही, याचा त्यांना आधार वाटत असे. पण हे सोपं होतं असं चित्र मी रंगवणार नाही. दिवसभराच्या कष्टानंतर शिकण्याचं त्राण उरत नसे. वय आड येत होतं. जेवढं इंग्रजी शिकायचं ठरवून त्या गेल्या होत्या तेवढं काही त्यांना साधलं नाही. आपण यशोगाथा वाचतो तेव्हा शेवटी सुवर्णपदक येतं. इथे तसलं काही नाही. कामापुरतं इंग्रजी, थोडीफार मदत, आणि दोन वर्षांत पाहिलेलं एक वेगळंच जग, एवढी शिदोरी घेऊन १९२० साली त्या परत आल्या.

योगायोग असा की त्याच १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि त्यांच्या आईच्या नावाने ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजे आपलं एसएनडीटी झालं. पंधरा लाखांपुढे पार्वतीबाईंनी दारोदार फिरून गोळा केलेल्या वर्गणीचा आकडा किरकोळ वाटेल. पण त्याआधीची पंचवीस वर्षं संस्थेची चूल पेटती राहिली ती अशाच छोट्या वर्गण्यांवर. परत आल्यावरही त्या वर्गणीचं काम करत राहिल्या.

१९२८ साली त्यांचं आत्मचरित्र प्रसिद्ध झालं. नाव साधंच, माझी कहाणी. इंग्रजी शिकायला सातासमुद्रापार गेलेल्या या बाईंनी आपलं आयुष्य सांगितलं ते मराठीत. पुढे दोनच वर्षांत, १९३० साली, त्याचं इंग्रजी भाषांतर आलं. ते केलं जस्टिन अॅबट यांनी. आपल्या संतांची चरित्रं इंग्रजीत नेणारे ते अमेरिकन मिशनरी. म्हणजे ज्या देशात पार्वतीबाईंनी लोकांची भांडी घासली, त्या देशातला एक विद्वान त्यांचं मराठी समजून घेऊन आपल्या भाषेत उतरवत होता. मला तरी या घटनेची फार गंमत वाटते.

१९५५ साली, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, पार्वतीबाई गेल्या. तोपर्यंत देश स्वतंत्र झाला होता, हिंगण्याच्या झोपडीभोवती मोठ्या इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि तिथून शिकून गेलेल्या मुलींच्या मुलीही शिकत होत्या. तीन वर्षांनी अण्णासाहेबांना भारतरत्न मिळालं.

मैत्रिणींनो, ज्यांची दहावी किंवा बारावी राहून गेली आहे त्यांच्यासाठी एक माहिती. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, केंद्रं इथे एमिरेट्समध्येही आहेत आणि त्या परीक्षांना वरची वयोमर्यादा नाही. पदवीचं शिक्षण पुढे न्यायचं असेल तर आधी जुनी प्रमाणपत्रं शोधून ठेवा. लग्नाआधीचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव वेगळं असेल तर त्याचे कागद आताच जमवा. अटेस्टेशनला वेळ लागतो. भारतात सुट्टीवर जाल तेव्हाच ते उरकलेलं बरं.

माझा तो घडी केलेला फॉर्म मी मागच्या आठवड्यात भरून दिला. जन्मतारखेच्या रकान्यात आकडे जरा मोठ्या अक्षरातच लिहिले! वर्ग शनिवारी सकाळी आहे, त्यामुळे पुढचे काही महिने मंडळाच्या शनिवारच्या बैठकीला मी दुपारनंतरच येऊ शकेन. पोह्यांची जबाबदारी तेवढी कुणीतरी घ्या.